आपल्यामधला डोंगर : एक सिनेमा आणि पाहणाऱ्यांची मतं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कामं उरकली का? की भाकरी थापता थापताच ऐकताय? ऐका, ऐका. आज वही-पेन घेऊन बसायची गरज नाही. आज हप्ता नाही, लसीकरण नाही, अर्जाची शेवटची तारीख नाही. आज आपण एका सिनेमावर बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, सिनेमावर काय बोलायचं? पाहिला, रडलो, हसलो, संपलं. पण काही सिनेमे असे असतात की ते संपल्यावर खरी चर्चा सुरू होते. ‘द माउंटन बिटवीन अस’ हा त्यातलाच. नावाचा अर्थ ‘आपल्यामधला डोंगर’. इंग्रजी सिनेमा आहे, २०१७ सालचा. बर्फाच्या डोंगरात अडकलेल्या एका बाईची आणि एका पुरुषाची ही गोष्ट. पाहणाऱ्यांचे त्यावर सरळ सरळ तट पडले. समीक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना तो आवडला. अमेरिकेत तिकीट काढून पाहायला आलेल्या प्रेक्षकांना मात्र, चित्रपटगृहातून बाहेर पडताना विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला वरचा दर्जा दिला. एकच सिनेमा, मग एवढा फरक का? ते आज समजून घेऊ. आणि त्यातून आपल्या कामाचं काय निघतं, तेही पाहू.

आधी गोष्ट

आधी गोष्ट थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे बरं का, कारण खरा वाद शेवटावरच आहे.

अ‍ॅलेक्स ही वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी बाई. लढाया, दंगली, संकटं असतील तिथं जाऊन फोटो काढणारी. दुसऱ्या दिवशी तिचं न्यूयॉर्कला लग्न आहे. बेन हा मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. त्यालाही एका तातडीच्या शस्त्रक्रियेला पोहोचायचं आहे. वादळामुळे विमानं रद्द होतात. दोघांची ओळखपाळख काही नाही. पण अ‍ॅलेक्स पुढाकार घेते, म्हणते, आपण दोघं मिळून छोटं विमान भाड्यानं घेऊ. वॉल्टर नावाचा म्हातारा वैमानिक तयार होतो. सोबत त्याचा कुत्रा.

वाटेत वॉल्टरला पक्षाघाताचा झटका येतो आणि विमान डोंगरावर आदळतं. वॉल्टर जातो. अ‍ॅलेक्सचा पाय जायबंदी होतो, बेनलाही मार लागतो, कुत्रा वाचतो. चहूबाजूंनी बर्फ. मोबाइलला रेंज नाही. खायला मूठभर जिन्नस.

इथून दोघांचा झगडा सुरू होतो. बेन म्हणतो, विमानापाशीच थांबू, कुणीतरी शोधत येईल. अ‍ॅलेक्स म्हणते, कुणी येणार नाही, निघू. बेन बाहेर गेलेला असताना प्यूमा नावाचा रानटी प्राणी, आपल्या बिबट्याच्या अंगाचा म्हणा, विमानात शिरतो. अ‍ॅलेक्स मोडक्या पायानं पडलेली असते. संकटात आकाशात उजेड सोडायची जी बंदूक असते, ती ती त्याच्यावर झाडते. त्याच प्राण्याच्या मांसावर पुढं त्यांचे दिवस निघतात. शेवटी अ‍ॅलेक्स एकटीच खाली उतरायला लागते आणि बेनला तिच्या मागं जावं लागतं.

वाटेत ती गोठलेल्या पाण्यात पडते. बेन तिला ओढून काढतो, एका ओसाड लाकडी घरात नेतो आणि जगवतो. तिथं तिला कळतं, की तो ज्या बायकोबद्दल बोलतो ती दोन वर्षांपूर्वीच मेंदूच्या गाठीनं गेलेली आहे. तिथंच ती दोघं एकमेकांच्या जवळ येतात. पुढं बेनचा पाय अस्वलासाठी लावलेल्या लोखंडी सापळ्यात अडकतो. अ‍ॅलेक्सला तो उघडत नाही. ती लंगडत, पडत एकटी पुढं जाते आणि येणाऱ्या ट्रकसमोर कोसळते. दोघं वाचतात.

दवाखान्यात बेनला तिच्याजवळ तिचा होणारा नवरा, मार्क, दिसतो. बेन निमूट निघून जातो. पुढं ती फोन करते, तो उचलत नाही. त्याला वाटतं तिचं लग्न झालं. खरं तर तिनं लग्न केलेलं नसतं. काही महिन्यांनी ती दोघं भेटतात, बोलतात, पुन्हा वेगळ्या दिशेनं चालू लागतात. मग दोघंही मागं वळतात आणि धावत येतात. सिनेमा संपतो.

अ‍ॅलेक्सचं काम केलंय केट विन्स्लेट यांनी. ‘टायटॅनिक’मधली नायिका, ती हीच. बेन झालेत इद्रिस एल्बा. दिग्दर्शक आहेत हानी अबू-असद, पॅलेस्टिनी. मूळ कादंबरी चार्ल्स मार्टिन यांची.

पहिलं मत : असं कुठं होतं का?

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं मत हे. एवढ्या थंडीत, मोडक्या पायानं, डोंगरावरून कुणी उतरतं का? कपडे नीट, तोंडावर तेज, कुत्राही जिवंत!

यातलं काय पटण्यासारखं आहे आणि काय नाही, ते नीट बघू. सिनेमातलं विमान पडतं ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हाय युंटाज या भागात. हा भाग खरा आहे. तिथलं सर्वांत उंच शिखर ४,१२३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी तिथवर पोहोचत नाही. तो भाग १९८४ पासून कायद्यानं राखलेलं रान आहे. आत रस्ते नाहीत, गाड्यांना बंदी आहे. म्हणजे ‘कुणीच कसं भेटलं नाही’ ही शंका टिकत नाही. हिवाळ्यात तिथं कुणी भेटणारच नाही.

आणि माणसं असं संकट पार करतात का? करतात. १३ ऑक्टोबर १९७२ ला दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात उरुग्वे देशाचं एक विमान कोसळलं. आत ४५ माणसं, त्यांत बरीचशी खेळाडू पोरं. विमान पांढरं, बर्फही पांढरं, त्यामुळे वरून शोधणाऱ्यांना दिसलंच नाही. आठ दिवसांनी शोध थांबवला. ही बातमी त्या पोरांनी छोट्या रेडिओवर स्वतःच्या कानांनी ऐकली. विचार करा, आपल्याला शोधणं थांबलं हे आपणच रेडिओवर ऐकायचं! पुढं हिमकडा कोसळून आणखी माणसं गेली. जी उरली त्यांनी पत्र्यावर बर्फ पसरून उन्हात पाणी केलं. विमानाच्या शेपटीतलं ऊब धरून ठेवणारं अस्तर काढून, शिवून, तिघांना झोपता येईल अशी पिशवी केली. डिसेंबरमध्ये तिघं निघाले. एकाला अन्न पुरावं म्हणून परत पाठवलं. राहिलेले दोघं, नांदो पाराडो आणि रोबेर्तो कानेसा, सुमारे दहा दिवस चालले तेव्हा नदीपलीकडे एक गुराखी दिसला. ७२ दिवसांनी १६ जण जिवंत परत आले.

म्हणून ‘असं होतच नाही’ हे खरं नाही. पण अँडीजमधल्या त्या दोघांचे पाय धड होते, ते आधी कितीतरी आठवडे थांबले होते, तयारी करून निघाले होते. सिनेमातली बाई मोडका पाय घेऊन जवळजवळ तशीच निघते. तिथं सिनेमानं सूट घेतली आहे. शंका काढणाऱ्यांचं तेवढं बरोबर आहे.

दृश्यं मात्र खोटी नाहीत. शूटिंग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या खऱ्या बर्फाच्या डोंगरात झालं. म्हणून ज्यांना गोष्ट आवडली नाही तेही म्हणतात, डोंगर बघावेत तर असे. आणि एक सांगायलाच हवं, हे सगळं कॅमेऱ्यात धरणारी एक बाई आहे, मँडी वॉकर, ऑस्ट्रेलियाच्या. याच वॉकर यांना पुढं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅमेरामन मंडळींच्या संघटनेचा मोठ्या पडद्याच्या सिनेमासाठीचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. आपण अजून ‘कॅमेरामन’च म्हणतो, बघा.

दुसरं मत : थांबायचं की निघायचं?

यावर पाहणारे तावातावानं भांडतात. कुणी म्हणतं, बेन बरोबर, तो डॉक्टर आहे, शांत डोक्याचा आहे. कुणी म्हणतं, अ‍ॅलेक्स नसती तर ती दोघं तिथंच गोठली असती.

जाणकारांचा साधारण सल्ला बेनच्या बाजूचा आहे. विमान किंवा गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबावं, कारण शोधणाऱ्याला माणसापेक्षा विमान लवकर दिसतं, आणि आत आडोसाही मिळतो. पण या सल्ल्यात एक गृहीत आहे. कुणीतरी शोधतंय, आणि कुठं शोधायचं ते त्याला ठाऊक आहे. इथं वॉल्टरनं विमान कुठून कुठं नेणार याचा कागद कुणाला दिलाच नव्हता. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या छोट्या विमानाला तिथं तशी सक्ती नसते. या दोघांनीही घरी कळवलेलं नव्हतं. म्हणजे शोधणारा कुठं शोधणार?

मैत्रिणींनो, मला विचाराल तर सिनेमातलं सगळ्यांत मोठं संकट विमान पडणं हे नाही, कुणाला न सांगता निघणं हे आहे. आपल्याकडे बाई घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. चांगला शब्द आहे. पण ‘येते’च्या पुढं तीन गोष्टी जोडा : कुठं चालले, कुणाबरोबर, कधीपर्यंत परत. सरपणाला रानात जाताना, गटाच्या कामानं तालुक्याला जाताना, रात्रीचं पाणी धरायला शेतात जाताना. कुणी म्हणेल, म्हणजे बाईनं दर वेळी परवानगी मागायची का? नाही हो. परवानगी वेगळी, माहिती वेगळी. परवानगी घरातल्या एकाच माणसाकडे मागायची असते. माहिती शेजारणीला, मैत्रिणीला, गटातल्या कुणालाही देता येते. आणि ती पुरुषांनीही द्यायची असते. वॉल्टर पुरुषच होता.

या थांबण्या-निघण्याच्या भांडणात आणखी एक गोष्ट बघा. पाय मोडलेला कुणाचा? अ‍ॅलेक्सचा. म्हणजे रीतीप्रमाणे निर्णय धडधाकट माणसानं घ्यायचा आणि जखमीनं ऐकायचं. इथं तसं होत नाही. ती म्हणते, मला निघायचंय, आणि निघते. बेनला राग येतो, पण तो तिला दोरीनं बांधून ठेवत नाही. पुढं पाऊल टाकवेना तेव्हा तीच त्याला सांगते, मला सोडून जा. तो जातो, आणि परत येतो. शेवटी तो सापळ्यात अडकतो तेव्हा मदत आणते तीच. कधी एक ओझं होतो, कधी दुसरा. ओझं झालं म्हणून कुणाचं मत गेलं नाही. घरात आजारी पडलेल्या बाईचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं मत आपण विचारतो का? एवढं जरी मनात आलं तरी सिनेमा पाहिल्याचं सार्थक झालं.

तिसरं मत : हे प्रेम की नुसतं संकट?

काही पाहणारे म्हणतात, ही प्रेमकथा वाटतच नाही, दोघं एकमेकांचे कुणी वाटत नाहीत. काही म्हणतात, मरणाच्या दारात कुणीही कुणाला बिलगतं, त्याला प्रेम म्हणायचं का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. गंमत म्हणजे ज्या प्रांतात या सिनेमाचं शूटिंग झालं, त्याच ब्रिटिश कोलंबियात. तिथं कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, खोल दरीवर, सुमारे ७० मीटर उंच. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पुलावरून येणाऱ्या पुरुषांना एका तरुणीनं गाठायचं, काही प्रश्न विचारायचे, एक छोटी गोष्ट लिहून घ्यायची आणि ‘आणखी काही विचारायचं असलं तर’ म्हणून आपला फोन नंबर द्यायचा. तसंच एका भक्कम, कमी उंचीच्या लाकडी पुलावरही करायचं. नंतर तिला फोन कुणी जास्त केले? डगमगत्या पुलावरच्या पुरुषांनी. संशोधकांचं म्हणणं असं, की भीतीनं छाती धडधडते आणि समोर माणूस असलं की आपल्याला वाटतं, ही धडधड त्याच्यामुळे आहे.

म्हणजे शंका घेणारे अगदीच चुकीचे नाहीत. संकटातली ओढ ही कधी कधी पुलाची धडधड असते. पूल ओलांडला, की ती उतरते. जत्रेत, वरातीत, पुरात, दवाखान्याच्या व्हरांड्यात जुळलेल्या मनांबद्दल आपल्या पोरींशी बोलताना ही गोष्ट सांगायला हरकत नाही. छाती धडधडली तर लगेच नाव देऊ नको पोरी, जमीन सपाट झाल्यावर पुन्हा बघ.

पण सिनेमा नेमकं तेच दाखवतो, आणि हे बऱ्याच टीका करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं असं मला वाटतं. दोघं खाली उतरतात, अंघोळ, अंथरूण, अन्न सगळं मिळतं, महिनोन् महिने जातात. धडधड शांत होते आणि मग ती दोघं भेटतात. सपाट जमिनीवर.

शिवाय त्यांचं जुळलं ते गोड बोलण्यानं नाही. पायाला फळी बांधणं, बर्फ वितळवून पाणी पाजणं, उरलेला घास मोजून दोघांत वाटणं, यातून जुळलं. एका गटात हा सिनेमा मोबाइलवर पाहिल्यावर एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘‘बाकी मला काही कळलं नाही, पण त्यानं तिचे पाय चोळले, तिला सूप पाजलं. माझं बाळंतपण आठवलं. मला कुणी पाजलं नव्हतं.’’ समीक्षकांनी लिहिलेल्या पानांपेक्षा हे एक वाक्य मला मोठं वाटलं.

न बोललेली एक गोष्ट

बेन काळ्या वर्णाचा आहे, अ‍ॅलेक्स गोरी. पूर्ण सिनेमात यावर एक अवाक्षर नाही. काही पाहणाऱ्यांनी याचं मनापासून कौतुक केलं, काहींनी म्हटलं की अमेरिकेसारख्या देशात हे न बोलणंच खोटं आहे.

हे कळायला थोडा इतिहास हवा. अमेरिकेत १९६७ पर्यंत १६ राज्यांत काळ्या-गोऱ्यांचं लग्न हा गुन्हा होता. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्यानं १९५८ मध्ये दुसरीकडे जाऊन लग्न केलं, तर गावी परतल्यावर रात्री घरात शिरून पोलिसांनी त्यांना पकडलं. ती कृष्णवर्णीय, तो गोरा, एवढाच गुन्हा. ते लढले. १२ जून १९६७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे कायदे रद्द केले. त्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या साली हा सिनेमा आला. पन्नास वर्षांपूर्वी ज्यावर तुरुंग होता, त्यावर आता कुणी प्रश्नही विचारत नाही. ज्या गावांत अजून जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीचं नाव टाकलं जातं, तिथल्या बायकांना या गप्प राहण्याचं वजन वेगळं सांगायला नको.

चौथं मत : दिलेला शब्द मोडावा का?

आता सगळ्यांत मोठा वाद. लग्न ठरलेलं होतं. मार्क वाईट माणूस नाही, तिची वाट बघत बसलेला. मग अ‍ॅलेक्सनं बरोबर केलं का? काही पाहणारे, त्यांत बायकाही, तिला विश्वासघातकी म्हणतात. मार्कची दया येते म्हणतात. आपल्या गटातल्या बायकांतही हेच झालं. निम्म्या म्हणाल्या, ‘‘शब्द म्हणजे शब्द.’’

मार्कची दया यायलाच हवी. त्याचं नुकसान झालं, हे नाकारू नये. डोंगरावर ती दोघं जवळ आली तेव्हा तिचा शब्द मोडलेला नव्हता, हाही आक्षेप खरा आहे. पण पुढचा क्रम नीट बघा. आपण म्हणतो, ‘एकाला सोडून दुसऱ्याकडे गेली.’ तसं घडलेलं नाही. लग्नाला ती नाही म्हणते तेव्हा दुसरा कुठं आहे? तो फोन उचलत नाही. तो परत येईल याची तिला काही खात्री नाही. म्हणजे तिनं दोन पुरुषांतून एक निवडला नाही. मन नसताना लग्न करायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. पुढं कुणी मिळेल की नाही, हे ठाऊक नसताना. डोंगरावरून निघाली तेव्हाही खाली घर आहे की दरी, तिला ठाऊक नव्हतं. बाई तीच आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी नाही म्हणणं कठीण. हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या, मामाचा आहेर आलेला. पण लग्नानंतर आयुष्यभर मनातल्या मनात नाही म्हणत राहणं त्याहून कठीण, आणि त्यात दोन माणसांचं आयुष्य जातं, मार्कचंही. मार्कला फसवून संसार केला असता तर त्याचं भलं झालं असतं का? हा प्रश्न ‘शब्द म्हणजे शब्द’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आदरानं विचारते.

शेवट काहींना फार गोड वाटला, बाजारू वाटला. वाटू शकतो. दोघं पाठ फिरवून चालू लागतात तिथंच थांबला असता तर जास्त खरा वाटला असता, असंही पुष्कळांचं मत आहे. आणि कुत्रा? अहो, निम्म्या प्रेक्षकांनी तर जीव मुठीत धरून कुत्र्यासाठीच सिनेमा पाहिला. तो शेवटपर्यंत जगतो, बेनकडेच राहतो. काळजी करू नका.

थंडीबद्दल कामाचं थोडं

सिनेमा बर्फातला असला तरी थंडीनं अंग गार पडणं आपल्यालाही परकं नाही. आपल्या निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली जातो. रात्रीची वीज, गव्हाला-कांद्याला पाणी, ओले पाय. म्हणून चार गोष्टी सांगते.

माणसाच्या अंगाचं तापमान साधारण ३७ अंश. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू. आधी हुडहुडी भरते. मग बोलणं अडखळतं, हात नीट चालत नाहीत, माणूस भलतंच बोलतो. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस सुस्त झाला तर तो बरा झाला असं समजू नका, ते जास्त धोक्याचं लक्षण आहे. तातडीनं दवाखाना गाठा.

ओल्या अंगाची ऊब पाण्यात कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं जाते. म्हणून सिनेमात बेन करतो तेच पहिलं करायचं : वाऱ्यापासून आडोशाला न्यायचं, ओले कपडे काढायचे, कोरडं पांघरूण. आधी छाती-पोट उबदार करायचं, हातपाय नंतर. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच कोमट गोड चहा किंवा पाणी. गारठून बधिर झालेली बोटं जोरानं चोळायची नाहीत, विस्तवावर धरायची नाहीत, कातडी जळते आणि कळतही नाही. आणि दारू मुळीच नाही. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता उलट बाहेर पडते.

सगळ्यांत लवकर गारठतं ते नुकतं जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ. त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवायचं. आशाताई याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, १९७८ मध्ये बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडल्या, म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. माणसाची ऊब माणसाला जगवते, हे सिनेमात सांगितलंय आणि दवाखान्यातही खरं आहे. बाळाला ही ऊब बापानंही द्यावी, आजीनंही द्यावी. आईला तेवढीच झोप मिळते.

आता तुम्ही बोला

हा सिनेमा पाहायला मिळाला तर आधी मोठ्यांनी पाहा, काही दृश्यं लहान मुलांसोबत बघण्यासारखी नाहीत. पाहायला नाही मिळाला तरी गोष्ट आता तुम्हाला ठाऊक झाली. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा आणि या तीन प्रश्नांवर बोला.

एक. तुमच्या घरी ‘थांबायचं की निघायचं’ हे कोण ठरवतं? शेत विकायचं, मुलीची शाळा चालू ठेवायची, दवाखान्यात न्यायचं, या वेळी तुमचं मत विचारतात का? आजारी असताना विचारतात का?

दोन. तुम्ही घराबाहेर असता तेव्हा तुम्ही कुठं आहात हे ठाऊक असणारी, घरातली सोडून, एक तरी बाई आहे का? नसेल तर बैठकीतच जोड्या लावून टाका.

तीन. तुमच्या मुलीनं लग्नाच्या आठ दिवस आधी ‘मला हे लग्न नको’ म्हटलं, तर तुम्ही तिला पहिलं वाक्य काय म्हणाल? दुसरं नंतर सुचेल. पहिलं काय म्हणाल, ते आजच ठरवून ठेवा.

तुमची मतं केंद्रावर पाठवा, लिहून नाहीतर आवाजात भरून. पटली नाहीत ती मतंसुद्धा पाठवा, ती आधी वाचू. येते मैत्रिणींनो. पुढच्या मंगळवारी, याच वेळी, इथूनच. नमस्कार.